पेटीतली टिचकी

सुभद्रामामी माझी सासू. पण लग्नाच्या आधीपासून ती माझी मामी होती, म्हणून लग्नानंतरही मामीच राहिली. तिची मुलगी कमळा, म्हणजे माझी बायको, एकोणसाठच्या पावसाळ्यात तापाने गेली. तेव्हा मामी दापोलीकडून आली आणि माझ्या वरळीच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत राहिली. ती रांधायची, मी जेवायचो आणि परळला गिरणीत जायचो. बोलणं फारसं नव्हतं. मी कमळाचं नाव काढत नव्हतो आणि मामीला दुसरं काही बोलायचं नव्हतं.

शिमगा झाल्यावर मामी एके दिवशी म्हणाली, "मी जाते आता गावाला. इथं भिंतीशी किती बोलू?"

मी म्हणालो, "बरं."

ती गेली तर खोलीत मी एकटा उरणार, हे मला कळत होतं. पण थांब म्हणायला तोंड उघडावं लागतं. मामीने गाठोडं बांधायला घेतलं.

त्याच आठवड्यात शेजारचा दत्ताराम एक रेडिओ घेऊन आला. दत्ताराम गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होता आणि आमच्या बौद्ध मंडळाचा सेक्रेटरी. रेडिओ मिलिटरीतला. कुणा निवृत्त शिपायाने मंडळाला दिलेला. तो नव्वद व्होल्टच्या मोठ्या बॅटरीवर चालायचा आणि ती बॅटरी केव्हाच मेली होती.

"कोंडीराम, तू गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यातला माणूस," दत्ताराम म्हणाला. "हा घरातल्या लायटीवर चालव."

"जळेल."

"मग जळणार नाही असा चालव. एक मेला महाराष्ट्र होतोय. इतके मोर्चे काढले, इतका घसा बसवला, आणि ऐन वेळी रेडिओ ऐकायला काय दुसऱ्या चाळीत जायचं?"

काम सोपं नव्हतं. भिंतीतली वीज उलटसुलट धावते, रेडिओला एकाच दिशेची लागते. शिवाय आमच्याकडची वीज दुपारी एक तर संध्याकाळी दुसरी. त्या सेटचे वाल्व, म्हणजे आतले काचेचे दिवे, नाजूक. नव्वदच्या फार वर गेलं की संपले.

गिरगावात रमाकांत म्हणून माझा एक ओळखीचा होता. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्याच्याकडून लढाईतल्या मोडीचा माल आणला आणि पेटी जुळवली. आधी ट्रान्सफॉर्मर. मग सेलेनियमच्या चकत्या, त्या वीज एका दिशेला वळवतात. मग कंडेन्सर, ते तिचे चढउतार सपाट करतात. आणि शेवटी गॅस भरलेली एक काचेची नळी. ही नळी पेटली की आत वांग्याच्या फुलासारखा जांभळा उजेड दिसतो. मग मागून वीज कमी येवो की जास्त, ती पुढे नव्वदच ठेवते.

नळी पेटलीच नाही तर? त्यासाठी मी गिरणीतली अक्कल वापरली. धागा तुटला की साचा आपोआप थांबतो. तसाच मी एक रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा खटका, लावला. नळी पेटली तरच रिले ओढला जायचा, टक् असा आवाज व्हायचा आणि त्यानंतरच रेडिओला वीज मिळायची. नळी नाही तर रेडिओ नाही.

हे सगळं बसवायला खोकं हवं होतं. मामीने कोपऱ्यातली लाकडी पेटी पुढे सरकवली. कमळा तिच्यात गोधडीसाठी चिंध्या जमवायची.

"घे. पडूनच हाय."

मी पेटीला आतून पत्रा ठोकला आणि झाकणाच्या कडेला लोकरीच्या नमद्याची पट्टी लावली. गिरणीत कापसाचं तूस हवेत उडत असतं. एक ठिणगी पडली तरी खातं पेटायचं. म्हणून तिथली विजेची प्रत्येक वस्तू गच्च बंद पेटीत असते. मुंगी शिरेल एवढी फट राहिली तरी आमचा मुकादम शिव्या घालतो. तेव्हा बिनफटीची पेटी म्हणजेच चांगलं काम, हे माझ्या अंगात मुरलेलं. माझी पेटी तर मुकादमाने पाठ थोपटावी अशी झाली.

झाकण उघडं ठेवून बटण दाबलं. टक्. जांभळा उजेड आला आणि रेडिओ गाऊ लागला. झाकण लावलं तरी गातच राहिला. मी बटण बंद केलं आणि दत्तारामला हाक मारली.

तो चार माणसं घेऊनच आला. मी ऐटीत बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही.

"छान," दत्ताराम म्हणाला. "शांततेचा कार्यक्रम लागलाय वाटतं."

काय झालं बघायला मी झाकण उघडलं आणि टक्! गाणं सुरू. झाकण लावलं, बटण बंद करून पुन्हा दाबलं. गप्प. उघडलं, टक्. लावलं, गप्प. सगळे हसायला लागले. मामी मात्र हसली नाही. ती भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून पेटीजवळ येऊन बसली.

"पुन्हा उघड."

मी उघडलं. टक्.

"ही कमळाची टिचकी हाय," मामी म्हणाली.

कमळा बाहेरून आली की कडी वाजवायची नाही. दाराला नखाने एक टिचकी मारायची. आवाज अगदी असाच. ते माझ्या आधीच लक्षात आलं होतं, पण मी बोललो नव्हतो.

"तिची पेटी, तिची टिचकी," मामी म्हणाली. "कोंडून घेणं तिला आवडायचं नाय. लहान असताना भाताच्या कणगीत लपली नि झाकण पडलं, तेव्हापासून. उघडं ठेवा, गाईल ती."

मामीने हाताचं पीठ धुतलं आणि भाकऱ्या टाकायच्या आधी गाठोडं सोडून लुगडी पुन्हा दांडीवर घातली.

त्या दिवसापासून मामी बदलली. रोज संध्याकाळी पेटी उघडायची, बटण दाबायची, टक् झालं की रेडिओचा आवाज बारीक करायची आणि पेटीला दिवसभराच्या बातम्या सांगायची.

"कमळे, वरच्या अंबिकेनं सुकट भाजली गो. जिना अजून वास मारतोय. आणि तुझा नवरा आज तीन भाकऱ्या जेवला. बोलला मात्र एक शब्द. 'मीठ.' नवरा केलास की गाठोडं?"

मी भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचो. एकदा ती पेटीला सांगत होती, "तुला आठवतं, कामगार मैदानातल्या सभेत तुझी चप्पल हरवली..."

"चप्पल नव्हे, छत्री," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

"छत्री?"

"घोषणा देताना ती छत्री वर नाचवत होती. कुणीतरी म्हणालं, बाई, डोळा फुटेल. तर तिने ती त्यालाच धरायला दिली. मग तो कुठे गेला आणि छत्री कुठे गेली."

मामी पोट धरून हसली. मग पेटीकडे वळून म्हणाली, "ऐकलंस? बोलला!"

इकडे मी दोष शोधत होतो. आधी वाटलं, झाकण बसताना एखादी तार दाबली जाते. तारा लांब केल्या. तसंच. मग सांधे संशयास्पद वाटले. एकेक पुन्हा जोडला. तसंच. मग संध्याकाळच्या कमी विजेवर शंका घेतली, तर भर दुपारीही पेटी बंद झाकणाने गप्पच. आणि मीटर लावून बघावं म्हटलं तर झाकण उघडावं लागे आणि झाकण उघडलं की दोषच नसे. चोर पकडायला दिवा घेऊन जावं आणि दिवा बघून चोराने साधू व्हावं, असं चाललं होतं.

शेवटी पेटी खांद्यावर टाकून बसने गिरगावला गेलो. रमाकांतने टेबलावरचा दिवा ओढला, झाकण उघडलं, बटण दाबलं. टक्.

"अहो कोंडीराम, चालते की ही!"

"इथे चालते. घरी नाही."

"डॉक्टरच्या दारात दाढ दुखायची थांबते, त्यातलं आहे." तरी त्याने नळी बदलून पाहिली, कंडेन्सर बदलून पाहिला. दहा वेळा बटण दाबलं. दहा वेळा टक्. "नेऊन लावा. आणि पुन्हा रुसली तर मलाच घेऊन जा घरी, पेटीवर बसवून ठेवा."

घरी आलो, झाकण लावलं, बटण दाबलं. गप्प.

एव्हाना चाळीत सगळीकडे पसरलं होतं की कोंडीरामच्या पेटीत कमळा आहे. बायका मामीला हळू आवाजात विचारायच्या, आज काय म्हणाली? एक दिवस दत्ताराम आला तो चिडूनच.

"कोंडीराम, आपण छप्पन साली धम्म घेतला. देवदेव सोडले, अंगात येणं सोडलं. आणि आता मंडळाच्या रेडिओत भूत? पलीकडच्या चाळीतले मला विचारतात, काय सेक्रेटरी, तुमचं भूत मराठी बोलतं की गुजराती? हसतोस काय? एक मेच्या आत दोष काढ. नाहीतर ही पेटी मंडळात नको."

मामी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काढा की. तिला काढलीत तर मी तरी कुणाशी बोलायला राहू? गाठोडं बांधायला मला वेळ लागत नाय."

दत्ताराम तसाच परत गेला. दोष सापडला नाही तर पेटी मंडळात जाणार नाही, आणि सापडला तर मामी इथे राहणार नाही. त्या रात्री मी हत्यारं बाहेर काढलीच नाहीत.

पण डोकं काही थांबत नाही. इलेक्ट्रिक खात्यातल्या माणसाला बंद पडलेली वस्तू घरात असली की जेवण गोड लागत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ती टिचकी ऐकायला आवडायला लागली होती. कामावरून आलो की मी पण एकदा झाकण उघडून बटण दाबायचो. उगीच. मग मलाच माझी लाज वाटायची, की धम्म घेताना असलं काही मानणार नाही असं मोठ्याने म्हणालो होतो आणि आता हे काय करतोय.

मग एका संध्याकाळी खोलीतला बल्ब उडाला. नवा आणायला मी चपला शोधत होतो. खोलीत दाट अंधार झाला होता. मामीने सवयीने पेटी उघडली आणि चाचपडत बटण दाबलं.

टक् झालं नाही.

"कमळे?" मामी म्हणाली. पुन्हा दाबलं. नाही. "आज रुसली. कोंडीराम, तू काय बोललास तिला?"

"मी कशाला काय बोलू?"

"हां. तेच तर." मामी उठली, बुद्धाच्या तसबिरीपुढे रोज लावायची ती मेणबत्ती लावली आणि काय झालं बघायला पेटीजवळ आणली.

टक्.

"आली!" मामी खूश झाली. "मेणबत्ती बघून आली."

मी एका पायात चप्पल घालून तसाच उभा राहिलो. झाकण तर आधीपासून उघडंच होतं. मग उघडं झाकण असूनही ती पेटली नाही, आणि मेणबत्ती आल्यावर पेटली. म्हणजे झाकणाचा काही संबंध नव्हता. बल्ब आणायला गेलो तो दुकान ओलांडून बराच पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मामी बाहेर गॅलरीत कोळंबी सोलत बसली होती. मी कमळाने शिवलेली जाड गोधडी काढली, पेटी मांडीवर घेतली आणि पेटीसकट गोधडीखाली शिरलो. झाकण उघडं. आत काळोख. बटण दाबलं. गप्प. हातातला टॉर्च लावला. टक्! बटण बंद, टॉर्च बंद, बटण चालू. गप्प. टॉर्च. टक्!

मी आत हसायला लागलो.

"कोंडीराम!" बाहेरून दत्तारामचा आवाज. "अरे चैत्रात गोधडी? ताप आलाय का?"

"आत ये."

"कुठे आत?"

"गोधडीत. ये म्हणतो ना!"

तो कुरकुरत शिरला. आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून बसलो. मी त्याला टॉर्च दिला. गप्प, टक्. गप्प, टक्. "आयला!" दत्ताराम म्हणाला. "उजेड! हिला पेटायला उजेड लागतो!"

"एकदा पेटली की नाही लागत. फक्त सुरुवातीला."

तेवढ्यात वरची अंबिका विळी मागायला आली. तिला गोधडीचा ढीग दिसला आणि त्याखालून निघालेले चार पाय.

"मामी," ती घाबरून म्हणाली, "हे काय चाललंय?"

"रेडिओ दुरुस्ती," मामी म्हणाली. "विळी पाटाखाली हाय."

दत्तारामला लगेच सगळ्या चाळीला सांगायचं होतं. मी त्याचा हात धरला. "थांब. आधी मामीला सांगू दे. मी सांगतो."

"तू? तू सांगेपर्यंत गुजरातसुद्धा होऊन जाईल."

"तरी मीच सांगतो."

दुपारी जेवणं झाली. मी बराच वेळ शब्द शोधले. सापडले नाहीत, म्हणून मामीच्या हातात टॉर्च दिला आणि म्हणालो, "मामी, जरा गोधडीखाली ये."

"मला म्हातारीला कशाला?"

"ये."

ती आली. तिला मी तेच करायला लावलं. अंधारात बटण दाबलं, काही नाही. टॉर्च लावला, टक्. मी म्हणालो, या नळीत गॅस असतो. तो पेटायला उजेडाचा थोडा धक्का लागतो. मी पेटी इतकी गच्च बंद केली की आत कणभर उजेड जात नव्हता. झाकण उघडलं की उजेड जायचा. टिचकी म्हणजे रिलेचा आवाज.

मामीने पुन्हा करून पाहिलं. मग पुन्हा. किती वेळा केलं कुणास ठाऊक. आत आम्ही दोघंही घामाने भिजलो. मग तिने टॉर्च बंद केला.

"म्हणजे ती नाय."

"नाही."

"उजेड हाय."

"हो."

ती गोधडीतून बाहेर आली आणि भिंतीला टेकून बसली. पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "मग मी एवढे दिवस बोलले ते कुणाशी?"

"मी ऐकत होतो."

"सगळं?"

"अंबिकेच्या सुकटीपासून."

"तुला गाठोडं म्हणाले ते?"

"तेही."

मामी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता दांडीवरची लुगडी काढणार. तिने दांडीकडे बघितलंही.

"मामी," मी म्हणालो, "गावी जाऊ नको."

"का?"

मी गोधडीची घडी घालता घालता म्हणालो, "छत्रीसारख्या अजून खूप गोष्टी आहेत. तुला माहीत नसलेल्या. तिच्या लहानपणीच्या मला माहीत नाहीत. कणगीची पण माहीत नव्हती."

मामीची नजर दांडीवरून माझ्याकडे आली.

"तोंड हाय की तुला," ती म्हणाली. मग उठली आणि चहा ठेवला. "कणगीत ती लपली त्याला कारण तूच होतास. तुमच्या घरची माणसं आली होती. तू शेंबडा. तुला दुपारी भात वाढायला सांगितला तिला, तर म्हणाली, त्याचं नाक गळतंय, मी नाय वाढणार..."

त्या दुपारी चहा दोनदा झाला.

पुढचं काम सोपं होतं. पेटीच्या आत, नळीच्या शेजारी, टॉर्चचा एक छोटा बल्ब बसवला. बटण दाबलं की आधी तो लागणार आणि नळीला उजेड दाखवणार. शिवाय झाकणाला एक भोक पाडून त्यावर काच बसवली, आत पेटली की नाही ते दिसावं म्हणून. एवढ्या चांगल्या बंद पेटीला भोक पाडायचं मात्र माझ्या जिवावर आलं. मामीच म्हणाली, "पाड की. तुझा मुकादम काय इथं येणार हाय?"

रमाकांतला जाऊन सांगितलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "काही नळ्या अंधारात आळशी असतात, असं ऐकून होतो हो. पण आम्ही दिव्याखाली बसून दुरुस्ती करणारे. आम्हाला ते कसं दिसायचं?"

एक मेच्या सकाळी मंडळाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दाराला झेंडूची माळ, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, मधल्या टेबलावर रेडिओ आणि शेजारी पेटी. पलीकडच्या चाळीतलेही आले होते. भूत बघायलाच आले असावेत. दत्तारामने सगळ्यांना गप्प केलं आणि मला खूण केली. मी झाकण नीट लावलं, सगळ्यांना दाखवलं आणि बटण दाबलं.

टक्. काचेतून जांभळा उजेड दिसला आणि रेडिओ बोलू लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, घोषणा दिल्या.

पलीकडच्या चाळीतला एक जण मोठ्याने म्हणाला, "काय मामी, कमळाबाई अजून आत आहेत ना?"

मी मामीकडे बघितलं.

"आत गॅस हाय, गाढवा," मामी म्हणाली. "कमळा कशाला बसेल त्यात? तिला गर्दी आवडायची. ती असती तर इथं पुढं उभी राहिली असती, आणि तुझ्याच हातात छत्री धरायला दिली असती."

सगळे हसले. मीही हसलो, आणि मग मला थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघावं लागलं.

"गप्प बसा रे, ऐकू द्या!" मामीने सगळ्यांना दटावलं. सगळे गप्प बसले. मग ती माझ्या कानाशी येऊन छत्री नेणाऱ्या त्या माणसाचं नाव विचारायला लागली, आणि रेडिओवर काय चाललंय ते आम्हा दोघांना शेवटपर्यंत ऐकू आलं नाही.